अनुस्वार की डाग? छापील पानावरील दोषाच्या निदानाचा इतिहास : पोंभुर्ले ते लेझर प्रिंटर

१/
‘वारसाची संमती’ आणि ‘वारसांची संमती’ या दोन शब्दप्रयोगांत एका टिंबाचा फरक आहे. टिंब नसेल तर वारस एक, असेल तर अनेक. सामाईक जमिनी, मुंबईला गेलेले चुलते आणि गावी राहिलेले पुतणे हा ज्या सिंधुदुर्गात घरोघरचा विषय, तिथे हा फरक लहान नव्हे. आता समजा, ते टिंब लिहिणाऱ्याने दिलेलेच नाही; प्रिंटरने टाकले आहे. किंवा त्याने दिले होते आणि प्रिंटरने गाळले. हे ओळखायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर जितके यंत्रशास्त्रात आहे तितकेच इतिहासात आहे.

२/
देवनागरीत शिरोरेषेच्या वरची जागा फार गजबजलेली असते. मात्रा, वेलांटी, रफार, चंद्रकोर आणि अनुस्वार या सर्वांची वस्ती तिथेच. त्यात जुन्या मराठी लेखनात उच्चारात नसलेले अनुस्वारही दिले जात : ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’. १९६२ च्या लेखननियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. म्हणजे त्यापूर्वीच्या छापील पानावर टिंबांचा अक्षरशः सडा असे, आणि खरे टिंब कोणते व शाईचा शिंतोडा कोणता, हे ठरवणे आजच्याहून कठीण होते.

३/
ही अडचण छपाईपेक्षाही जुनी आहे. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान्‌पिढ्या नकलल्या जात असताना त्यांत अपपाठ शिरले. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी त्या ग्रंथाचे शुद्धीकरण केले. प्रतीतला दोष मूळ ग्रंथकाराच्या माथी मारायचा नाही, तो नक्कल करताना शिरला असे धरून शोधायचा, ही दृष्टी त्या कार्यामागे आहे. निदानाचे पहिले सूत्र हेच : दोष आहे एवढे पुरेसे नाही, तो कोणत्या टप्प्यावर शिरला ते सांगता आले पाहिजे.

४/
पुढे पाठचिकित्सेने या दृष्टीला शास्त्राचे रूप दिले. दोन प्रतींत तीच चूक त्याच जागी आढळली, तर त्या दोन्ही एकाच पूर्वप्रतीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. चूक एकाच प्रतीत असेल, तर ती त्या लेखकाची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच तर्कावर उभी आहे. चुकीची पुनरावृत्ती हा पुरावा असतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. लेझर प्रिंटरपाशी ती पुन्हा भेटणार आहे.

५/
कोकणकिनाऱ्यावर मुद्रणयंत्र फार लवकर आले. १५५६ मध्ये ते गोव्यात उतरले. पण फादर स्टीफन्स यांचे मराठीतले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरीला स्वर, व्यंजने, जोडाक्षरे आणि त्यांवरची चिन्हे मिळून शेकडो खिळे लागतात. ते कोरणे आणि ओतणे तेव्हा परवडणारे नव्हते. कोकणातल्या मराठी भाषेला स्वतःच्या लिपीत छापले जाण्यासाठी दोन शतके थांबावे लागले. १८०५ मध्ये विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण दूर बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले.

६/
याच किनाऱ्यावर, आजच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावी, १८१२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचा जन्म झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी, अशी त्याची मांडणी होती. ६ जानेवारीला महाराष्ट्रात पत्रकार दिन पाळला जातो तो त्यामुळे. पण जांभेकरांची दुसरी ओळख या विषयाला अधिक जवळची आहे. ते शिलालेख आणि ताम्रपट वाचत. झिजलेल्या दगडावर ही रेघ कोरलेली की तडा गेलेली, हा निर्णय त्यांना वारंवार करावा लागला असणार.

७/
१८४५ मध्ये जांभेकरांनी ज्ञानेश्वरीची पहिली छापील प्रत सिद्ध केली. ती खिळ्यांवर नव्हे, शिळाछापावर निघाली. पुढच्याच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एकनाथांनी शोधलेला ग्रंथ पोंभुर्ल्याच्या या शास्त्र्याच्या हाती आला आणि त्याने तो एका नव्या यंत्राच्या स्वाधीन केला. आता नक्कल करणारा माणूस थकत नव्हता, डुलक्या घेत नव्हता. मात्र यंत्राच्या चुका माणसाच्या चुकांसारख्या नसतात. त्यांचे निदान नव्याने शिकावे लागले.

८/
शिळाछापाचे तत्त्व आलॉइस सेनेफेल्डर या जर्मन गृहस्थाने १७९६ च्या सुमारास शोधले. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने अक्षरे उमटवायची. मग सौम्य आम्ल आणि डिंकाचे पाणी फिरवायचे. कोरा भाग पाणी धरून ठेवतो आणि शाई नाकारतो. तेलकट अक्षरे पाणी नाकारतात आणि शाई धरतात. यात खोदलेले किंवा उंचावलेले काहीच नसते. पानाची शुद्धता एकाच गोष्टीवर अवलंबून राहते : कोऱ्या जागेने कोरे राहण्याचे सामर्थ्य टिकवले पाहिजे.

९/
म्हणून शिळाछापातले दोष दोन बाजूंनी येत. पाणी कमी पडले किंवा डिंकाचा थर उडाला, की कोरी जागा शाई धरू लागे आणि सबंध पानावर करडी झाक येई. उलट आम्ल तीव्र झाले, तर बारीक रेघा आणि टिंबे खाल्ली जात. पानावर राखाडी मळ दिसतो की टिंबे गळतात, एवढ्यावरून जाणता कारागीर शिळेचे काय बिघडले ते सांगू शके. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथात एक अनुस्वार गळणे म्हणजे एकवचन आणि अनेकवचन यांची अदलाबदल.

१०/
छापील पानाच्या शुद्धतेचा प्रश्न तेव्हा धर्माचाही होता. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले आणि पुढे शाई व खिळेही स्वतः सिद्ध केले. तरी शाईत चरबी असते या समजुतीने काही कर्मठ मंडळी छापील कागदाला स्पर्श करीत नसत. गोविंद नारायण माडगांवकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात त्याची नोंद आहे. कागदावर काय उमटले याबरोबरच ते कशाने उमटले हा प्रश्नही वाचकाच्या मनात असतो, याचे हे जुने उदाहरण.

११/
खिळ्यांच्या छपाईला मराठीत सौंदर्य आणले ते जावजी दादाजी चौधरी यांनी. खिळे घासण्याच्या कामापासून सुरुवात करून त्यांनी १८६४ मध्ये अक्षरांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभारला. राणूजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांना भारतभर मान मिळाला. इथे दोषाचे रूप बदलले. शिळेवर झाक पसरे. खिळ्यांच्या छपाईत अनुस्वाराचा किंवा वेलांटीचा नाजूक तुकडा दाबाखाली मोडे. मोडका खिळा फर्म्यात असेपर्यंत प्रत्येक प्रतीत, त्याच ओळीत, त्याच जागी तो दोष उमटे.

१२/
मोडका खिळा हा जुळाऱ्याचा शत्रू असला तरी इतिहासकाराचा मित्र ठरला. छपाई झाली की खिळे सुटे करून खणांत परत टाकले जातात आणि पुढच्या पानासाठी पुन्हा वापरले जातात. म्हणून एकच ओळखीचा मोडका खिळा निरनिराळ्या पानांवर भेटतो. चार्लटन हिनमन या अमेरिकन अभ्यासकाने शेक्सपिअरच्या १६२३ च्या फोलिओच्या अनेक प्रती ताडून पाहिल्या, असे खिळे हेरले आणि कोणती पाने कोणत्या क्रमाने छापली गेली ते १९६३ च्या ग्रंथात मांडले. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा छापखाना त्याच्या दोषांवरून पुन्हा उभा राहिला.

१३/
यानंतरचा टप्पा शाई, पाणी आणि खिळे तिन्ही सोडून देतो. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्यांचे साहाय्यक ऑटो कॉर्नी यांनी गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी कापडाने घासून विद्युत्‌भारित केली. काचेवर तारीख आणि स्थळ लिहून त्यातून पट्टीवर प्रकाश टाकला. जिथे प्रकाश पडला तिथला भार निघून गेला. मग लायकोपोडियम वनस्पतीची भुकटी शिंपडून फुंकर मारली, आणि उरलेली अक्षरे मेणकागदावर उतरवली. कोरड्या छपाईची ती पहिली प्रत.

१४/
कार्लसन पेटंट विभागात काम करीत. नकला काढण्याच्या जाचातून त्यांना ही युक्ती सुचली. तरी तिला आश्रय मिळायला वर्षे लागली. १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे यंत्र आले. त्यात अडकलेला कागद उष्णतेने पेट घेत असे, म्हणून कंपनीने सोबत एक लहान अग्निशामक दिला आणि त्याला ‘आग’ हा शब्द टाळणारे सौम्य नाव ठेवले! विनोद बाजूला ठेवला तर यातून एक गोष्ट कळते : भुकटी कागदावर पक्की करणारी उष्णता हा या तंत्रातला नाजूक भाग आरंभापासूनच आहे.

१५/
झेरॉक्समधलेच गॅरी स्टार्कवेदर यांनी विचार केला, मूळ कागदावरचा प्रकाश घेण्याऐवजी लेझरच्या किरणाने थेट ड्रमवरच का लिहू नये? वरिष्ठांनी विरोध केला. १९७१ मध्ये ते कॅलिफोर्नियातील पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात गेले आणि त्याच वर्षी त्यांचे यंत्र चालू झाले. १९७७ मध्ये झेरॉक्स ९७०० बाजारात आले. १९८४ मध्ये कॅननच्या यंत्रणेवर बेतलेला एचपीचा लेझरजेट आला आणि लेझर प्रिंटर मेजावर मावू लागला. त्या वेळची सूक्ष्मता इंचाला ३०० ठिपके. म्हणजे एक ठिपका ०.०८५ मिमीचा, आणि नेहमीच्या मजकुरातला अनुस्वार जेमतेम पाच-सहा ठिपके रुंद.

१६/
लेझर प्रिंटरमध्ये पान सहा टप्प्यांतून जन्मते. ड्रमवर समान विद्युत्‌भार चढतो. लेझर अक्षरांच्या जागी तो भार उतरवतो. त्या जागी टोनरची भुकटी चिकटते. भुकटी ड्रमवरून कागदावर ओढली जाते. तापलेला रोलर ती वितळवून पक्की करतो, या भागाला फ्यूझर म्हणतात. शेवटी ड्रम पुसला जातो. शिळाछापातले पाण्याचे काम इथे विद्युत्‌भार करतो : कोऱ्या जागेचे रक्षण. निदान म्हणजे पानावरचा दोष पाहून या सहांपैकी कोणता टप्पा चुकला ते सांगणे.

१७/
काही दोष स्वतःच आपले मूळ सांगतात. पान पूर्ण काळे आले तर ड्रमवर भार चढलेलाच नाही किंवा लेझर सतत चालू आहे. सबंध पानावर करडी झाक असेल तर कोऱ्या जागेचा भार अपुरा आहे. शिळेवर डिंक उडाल्यासारखेच हे. पानाच्या लांबीभर पांढरी पट्टी आली तर लेझरच्या वाटेत धूळ आहे किंवा टोनर त्या भागात संपला आहे. बारीक काळी रेघ आली तर ड्रमवर ओरखडा आहे किंवा पुसणारी पट्टी झिजली आहे. बोट फिरवल्यावर अक्षरे पुसली गेली तर फ्यूझर पुरेसा तापलेला नाही, किंवा कागद त्याच्या आवाक्याहून जाड आहे.

१८/
सर्वांत सुंदर निदान पट्टीने होते. ड्रमवर एका जागी खरचटले असेल तर ड्रमच्या प्रत्येक फेऱ्यात तो डाग उमटतो, म्हणून डागांमधले अंतर ड्रमच्या परिघाएवढे असते. २४ मिमी व्यासाच्या ड्रमचा परीघ सुमारे ७५ मिमी, ३० मिमीच्या ड्रमचा सुमारे ९४ मिमी, १२ मिमीच्या लहान रोलरचा सुमारे ३८ मिमी. २९७ मिमी लांबीच्या ए-४ पानावर ७५ मिमीचा डाग तीन-चारदा भेटतो. अंतर मोजले की यंत्र न उघडता दोषी रोलर कळतो. चुकीची पुनरावृत्ती पूर्वप्रत दाखवते. पाठचिकित्सेचा तोच नियम इथे मिलिमीटरमध्ये.

१९/
पुनरावृत्ती नसेल तर दुसरी परीक्षा आहे. पान अर्ध्यावर असताना छपाई थांबवून ड्रम पाहायचा. कागदावर जाण्यापूर्वीच ड्रमवरची अक्षरे सदोष असतील, तर चूक भार, लेझर किंवा टोनर यांची. ड्रमवर अक्षरे निर्दोष आणि कागदावर सदोष असतील, तर चूक त्यापुढची. फ्यूझरपर्यंत न पोहोचलेल्या भागावरून आणखी एक टप्पा वगळता येतो. एकनाथांच्या काळी दोन प्रती शेजारी ठेवून जे साधायचे, ते इथे एकाच प्रतीला तिच्या जन्माच्या मध्यावर थांबवून साधते.

२०/
मालवणच्या किनाऱ्यावर या सगळ्यात एक स्थानिक पात्र प्रवेश करते : पाऊस. जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक वाटा चार महिन्यांत. उघडा ठेवलेला कागद हवेतला ओलावा शोषतो. ओला कागद विद्युत्‌भार धरून ठेवू शकत नाही, म्हणून ड्रमवरची भुकटी पूर्ण ओढली जात नाही. पानावर ठिकठिकाणी फिकट चट्टे येतात आणि फ्यूझरमधून निघालेले पान वळते. टोनर बदलून हा दोष जात नाही. रिम शेवटपर्यंत वेष्टनात ठेवणे आणि ट्रेमध्ये कागद रात्रभर न सोडणे, हा त्यावरचा साधा उपाय.

२१/
फिकट चट्टा डागापेक्षा घातक असतो. डाग दिसतो, म्हणून संशय येतो. गळलेला अनुस्वार दिसतच नाही; ‘वारसांची’ हा शब्द मुकाट्याने ‘वारसाची’ होऊन बसतो आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते. जुने नकलाकार असेच फसत : अर्थहीन झालेला अपपाठ चटकन सापडे, पण अर्थ लागणारा अपपाठ पिढ्या ओलांडून जाई. यंत्र बदलले तरी हा धोका तसाच राहिला.

२२/
मग पहिल्या पोस्टमधल्या टिंबाचा निकाल कसा लावायचा? मूळ फाइल उपलब्ध असेल तर तीच पूर्वप्रत, तिच्याशी ताडावे. तेच पान पुन्हा छापावे : मजकुरातला अनुस्वार आपल्या अक्षरावरच राहतो, रोलरचा डाग बहुधा सरकतो, कारण पानाचा आरंभ आणि रोलरचा फेरा एकमेकांशी बांधलेले असतीलच असे नाही. एक कोरे पान छापावे : त्यावरही टिंब आले तर ते लिहिणाऱ्याचे नाही. मात्र झेरॉक्स प्रतीवर टिंब प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी येत असेल, तर आधी काच पुसावी.

२३/
कागद वीस वर्षांपूर्वीचा असेल, यंत्र भंगारात गेले असेल, फाइल नसेल, तर? तेव्हा पानच साक्षीदार. संशयित टिंबाच्या सरळ खाली-वर, समान अंतरावर तसाच ठिपका आहे का ते पाहावे, विशेषतः समासात किंवा दोन ओळींच्या मध्ये, जिथे अक्षर असण्याचे कारण नाही. भिंगाखाली त्या टिंबाचा आकार त्याच पानावरील इतर अनुस्वारांशी ताडावा. फॉन्टमधला अनुस्वार सर्वत्र सारखा असतो. भटक्या टोनरची कड वेडीवाकडी असते. एकच टिंब, एकच पान आणि इतर काही पुरावा नाही, अशा वेळी निर्णय न देणे हाच प्रामाणिक निर्णय.

२४/
आधुनिक यंत्रांनी या विद्येला आणखी एक वळण दिले. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर नजरेला न जाणवणारे पिवळे ठिपके छापतात. त्यांत यंत्राची ओळख आणि काही वेळा छपाईची वेळही सांकेतिक रूपात असते. २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर यंत्रांचा संकेत उलगडून दाखवला. हिनमनला मोडक्या खिळ्याने नकळत दिलेली साक्ष आता यंत्राकडून जाणूनबुजून वदवली जाते. दोषासारखे दिसणारे सर्वच दोष नसतात.

२५/
मराठी मुद्रणाचा इतिहास बहुधा संपादक, ग्रंथ आणि वादविवाद यांच्याभोवती सांगितला जातो. शाई माखलेल्या हातांनी ‘हे टिंब शिळेचे आहे, मजकुराचे नव्हे’ असे ओळखणारी माणसे त्या कथेत क्वचितच येतात. पण त्यांच्या नजरेशिवाय छापील शब्दावरचा विश्वास उभाच राहिला नसता. आज ती नजर छपाईच्या दुकानात टोनर बदलणाऱ्या मुलाकडे आहे, आणि एखाद्या कुटुंबाच्या हिश्श्याचा कागद त्याच्या हातून बाहेर पडतो.

२६/
पोंभुर्ल्याला बाळशास्त्रींचे स्मारक आहे. ‘दर्पण’ म्हणजे आरसा. आरशावर डाग असेल तर पाहणाऱ्याला तो स्वतःच्या चेहऱ्यावर वाटतो. आरसा पुसून पुन्हा पाहिल्याशिवाय खरे काय ते कळत नाही. छापील पानाचेही तसेच आहे. कागदपत्र हाती आल्यावर त्यात काय लिहिले आहे हे विचारण्याआधी, ते कशाने आणि कसे उमटले आहे हे विचारावे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी शिकवला जाणारा हा धडा वारसाच्या कागदालाही तितकाच लागू पडतो.

(समाप्त)